साध्या गाठीचं अवघड निदान

न्हावा शेवा बंदरात उतरणारा प्रत्येक कंटेनर उघडून पाहायचा ठरवलं, तर बंदर दुसऱ्याच दिवशी तुंबेल. म्हणून कस्टम्सची माणसं संशय असलेल्या कंटेनरमधून क्ष-किरण पाठवतात. सील तसंच राहतं आणि आतला माल पडद्यावर करड्या-काळ्या छटांमध्ये उमटतो. पण नुसत्या चित्रावर निकाल लागत नाही. शेजारी बिल ऑफ एंट्री असतं. माल कुठला, किती, कुठून आला, हे त्यावर लिहिलेलं असतं. कागद आणि चित्र यांचा मेळ बसला नाही, तरच पेटी उघडायची. मेंदूतल्या गाठीचं निदानही याच रीतीने होतं. कवटी बंद, चित्र एमआरआयचं, आणि कागद म्हणजे पेशंटची हकीकत. ही पेटी उघडायची तर माणसाची बोलण्याची, पाहण्याची, चालण्याची शक्ती पणाला लागते. त्यामुळे चित्र आणि हकीकत यांचा मेळ घालण्याचं काम इथे कितीतरी जोखमीचं असतं.

'डोक्यात गाठ आहे' असं ऐकल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅन्सर तर नाही ना? 'नाही, साधी गाठ आहे' या उत्तराने सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पोटातल्या किंवा दंडावरच्या साध्या गाठीला आजूबाजूला सरकायला जागा असते. कवटीत ती नसते. सुपारीएवढी साधी गाठ नको त्या जागी बसली, तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, डोळ्यांची नस दाबली जाते, नाहीतर फिट यायला लागतात. मेंदूच्या बाबतीत गाठ साधी की वाईट याइतकाच, काही वेळा त्याहून मोठा प्रश्न असतो, तो म्हणजे ती कुठे आहे.

साध्या गाठींतल्या काही न्यूरोसर्जनच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा, पिट्युइटरी ग्रंथीचा अडिनोमा, कानाच्या नसेवरचा श्वानोमा या त्यांपैकी. पण त्यांच्या मागे एक लांबलचक यादी आहे. एपिडर्मॉइड, कोलॉइड सिस्ट, सेंट्रल न्यूरोसायटोमा, डीएनईटी, हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला यातली एखादीच गाठ कधीतरी भेटते, किंवा भेटतच नाही. जे कधी पाहिलेलं नाही ते चित्रात समोर असूनही ओळखू येत नाही. या दुर्मीळ गाठींच्या निदानातली खरी अडचण ही आहे, आणि ती नुसतं महागडं मशीन आणल्याने सुटत नाही.

मशीन नव्हतं तेव्हाची अवस्था मात्र आठवायला हवी. १९१८ साली अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी या सर्जनने मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढण्याची पद्धत सांगितली. पुढच्याच वर्षी त्याने पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची रीत काढली. हवा भरलेली पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली, की तिथे काहीतरी वाढतंय असा तर्क करायचा. तपासणीनंतर पेशंटचं डोकं भयंकर ठणकायचं आणि उलट्या व्हायच्या. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. मुंबईत न्यूरोसर्जरीचा पाया घालणारे डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने वर्षानुवर्षं एवढ्याच साधनांवर कवट्या उघडल्या. गाठ प्रत्यक्ष दिसत नसे, तिने काय सरकवलंय ते दिसे. म्हणूनच ही पिढी पेशंटला तपासण्यात इतकी तरबेज झाली. कुठला हात कमजोर, डोळा कुठल्या बाजूला वळत नाही, चालताना तोल कुठे जातो, यावरून गाठीचा पत्ता काढायचा. आज ही विद्या मागे पडते आहे, आणि तिची उणीव भरून काढणारं मशीन अजून तरी कुणी बनवलेलं नाही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटी स्कॅनवर पहिला पेशंट झोपला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक बाई होती. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या त्या यंत्राने तिच्या मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ चक्क दाखवली. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. त्याआधी १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढता येतं हे दाखवून दिलं होतं. त्यातून एमआरआय उभा राहिला आणि २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्याकडे गेलं.

सीटी म्हणजे क्ष-किरणच, पण चहूबाजूंनी फिरवून घेतलेले. हाड, ताजं रक्त आणि चुना साठलेला भाग सीटीत पांढरा उठून दिसतो. काही दुर्मीळ गाठींना एवढंच पुरतं. कोलॉइड सिस्ट बहुधा मेंदूच्या बरोबर मध्यावर, पाण्याच्या वाटेच्या तोंडाशी बसते. बऱ्याचदा ती इंजेक्शनशिवाय काढलेल्या साध्या सीटीतही छोटा पांढरा गोल म्हणून दिसते. ती वाटेत अडकली तर पाणी तुंबतं, डोकं फुटेल असं दुखतं, आणि क्वचित माणूस अचानक दगावतो. त्यामुळे लहान गावातल्या सीटी सेंटरमध्ये बसलेल्या माणसाने हा छोटा गोल ओळखला, तर तो एक जीव वाचवू शकतो. मुलांमधल्या क्रेनिओफॅरिंजिओमात चुन्याचे कण असतात. तेही एमआरआयपेक्षा सीटीत स्पष्ट कळतात. एमआरआय झाला म्हणून सीटी निरुपयोगी झाला, असा समज पक्का झालेला दिसतो. तो खरा नाही.

एमआरआयची गोष्ट वेगळी. त्यात क्ष-किरण नाहीत. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या मशीनचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट जोरदार असतं. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या रेणूंमधले हायड्रोजनचे कण या चुंबकात रांगेत येतात, रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर हलवलं जातं, आणि पूर्ववत होताना ते जो संदेश देतात त्यातून चित्र तयार होतं. हलवण्याच्या आणि ऐकण्याच्या वेळा बदलल्या की चित्रही बदलतं. टी-१, टी-२, फ्लेअर, डिफ्यूजन अशी त्यांची नावं रिपोर्टवर सगळ्यांनी वाचलेली असतात. एकच मेंदू, पण प्रत्येक प्रकारात एक निराळा प्रश्न विचारलेला असतो. दंडातून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात तेही प्रश्नच असतो : इथल्या रक्तवाहिन्या बाहेरचं औषध आत झिरपू देतात का? हे इंजेक्शन देण्याआधी मूत्रपिंडाचं काम ठीक आहे ना, हे पाहिलं जातं.

न्हावा शेव्याच्या पट्ट्यात आणखी एका गोष्टीची विचारपूस व्हायलाच हवी. कंटेनर दुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात कधीतरी लोखंडाचा कण उडालेला असतो आणि तो विसरूनही गेलेला असतो. एमआरआयच्या चुंबकात असा कण हलू शकतो आणि डोळा निकामी होऊ शकतो. म्हणून अशा कामाची माहिती टेक्निशियनला आधी सांगायची, शंका असेल तर डोळ्याचा एक्स-रे काढायचा, मगच मशीनमध्ये जायचं. पेसमेकर आणि मेंदूच्या जुन्या ऑपरेशनमधली क्लिप यांबद्दल फॉर्मवर विचारतात. लोखंडाच्या कणाची आठवण मात्र कामगाराने स्वतः करून द्यावी लागते.

कुठला प्रश्न विचारायचा हे आधीच ठरवावं लागतं, आणि याचं उत्तम उदाहरण म्हणजे एपिडर्मॉइड. बाळ पोटात असताना, अगदी पहिल्या काही आठवड्यांत, त्वचेच्या काही पेशी चुकून मेंदूच्या जागी अडकतात. पुढे त्या त्वचेसारख्याच वागतात. कोंडा झडत राहतो, आतल्या आत साठत राहतो आणि कोष वर्षानुवर्षं हळूहळू मोठा होतो. मेंदूतल्या सगळ्या गाठींमध्ये याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. आवडती जागा म्हणजे छोटा मेंदू आणि मेंदूच्या देठामधली कपार. तिथून चेहऱ्याची नस जाते. ती दाबली गेली की गालात, जबड्यात वीज चमकावी अशी कळ येते. दात घासताना, घास चावताना, वारा लागला तरी. माणूस दंतवैद्याकडे जातो आणि चांगले दात काढून बसतो. दात गेले तरी कळ जात नाही.

शेवटी एमआरआय होतो. टी-१ आणि टी-२ वर एपिडर्मॉइड मेंदूभोवतीच्या पाण्यासारखाच दिसतो. इंजेक्शन दिलं तरी बहुधा उजळत नाही. नवखा डोळा तिथे 'पाण्याची थैली' लिहून मोकळा होतो. अशी थैली बहुतेकदा निरुपद्रवी असते आणि तिला कुणी हात लावत नाही. पण डिफ्यूजन चित्रात पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हे पाहिलं, की थैलीतलं पाणी काळं राहतं आणि एपिडर्मॉइड लख्ख पांढरा दिसतो. एवढ्या एका चित्राने निदान ठरतं. ऑपरेशननंतर काही शिल्लक राहिलं का, हेही याच चित्रात पाहतात.

याहून बिकट गाठ म्हणजे हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा. खरं तर ही वाढणारी गाठच नव्हे. मेंदूच्या तळाशी, भूक, झोप आणि संप्रेरकं सांभाळणाऱ्या भागाला चिकटून जन्मापासूनच थोडा जास्तीचा मेंदूचा तुकडा असतो. स्वीडनमधल्या एका पाहणीनुसार सुमारे २ लाख मुलांमागे एकात फिट येणारा असा हॅमार्टोमा सापडतो. या मुलांच्या फिटमध्ये आकडी येत नाही, फेस येत नाही. मूल हसतं. कारण नसताना, दिवसातून कितीतरी वेळा, काही सेकंद, आणि हसताना चेहऱ्यावर आनंद नसतो. तान्ह्या वयात हे सुरू झालं तर घरात कौतुकच होतं. बाळ हसरं आहे, म्हणतात. कधी रात्री झोपेतून उठून हसतं, म्हणून कुणी दृष्ट काढतं. डोक्याला तारा लावून काढलेला ईईजीही अनेकदा काहीच दाखवत नाही, कारण ती जागा खोल तळाशी असते. पुढे मोठ्या फिट सुरू होतात, अभ्यास मागे पडतो, स्वभाव चिडका होतो. काही मुलांना याच तुकड्यामुळे तीन-चार वर्षांच्या वयातच वयात येण्याची लक्षणं दिसू लागतात.

आता हे मूल एमआरआय सेंटरमध्ये येतं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : 'एमआरआय ब्रेन, फिट'. नेहमीच्या पद्धतीने अर्धा सेंटिमीटर जाडीचे छेद काढले जातात. हॅमार्टोमा मेंदूच्या करड्या भागासारखाच दिसतो आणि इंजेक्शनने उजळत नाही. लहान असेल तर दोन छेदांच्या मध्ये निसटतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. त्याच चिठ्ठीवर 'विनाकारण हसण्याचे झटके' एवढंच लिहिलेलं असतं, तर रेडिओलॉजिस्टने त्या जागेचे एक मिलिमीटरचे पातळ छेद घेतले असते आणि तो तुकडा कुठे असतो ते मुद्दाम तपासलं असतं. मशीन तेच आणि फिल्म तीच. फरक पडतो चिठ्ठीतल्या तीन शब्दांनी, आणि ते लिहायला पेन सोडून काही लागत नाही. महाराष्ट्रात आज गल्लोगल्ली एमआरआय सेंटरं झाली आहेत. पण चिठ्ठीवर हकीकत लिहिण्याची शिस्त त्या वेगाने पसरलेली नाही. खरं नुकसान इथेच होतं.

ज्या गाठींना नावच नव्हतं त्यांचे हाल याहून वाईट होते. १९८२ साली फ्रान्समध्ये जाक हासून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन गाठी तपासल्या आणि या गाठी चेतापेशींपासून बनलेल्या आहेत असं दाखवलं. तोच सेंट्रल न्यूरोसायटोमा. तरुण माणसांच्या मेंदूतल्या पोकळीत तो वाढतो, आणि एमआरआयमध्ये आत असंख्य लहान बुडबुडे असावेत तसा दिसतो. त्याआधी साध्या मायक्रोस्कोपमधून पाहिल्यावर या पेशींना दुसऱ्या, जास्त त्रास देणाऱ्या गाठींची नावं मिळत होती, आणि त्या नावांप्रमाणे उपचार होत होते. १९८८ साली पॅरिसच्या कॅथरीन डोमास-ड्युपोर्ट यांनी औषधांनी न थांबणाऱ्या फिट असलेल्या ३९ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्या गाठी मेंदूच्या सालीतच राहिलेल्या होत्या आणि काढल्यावर परत आल्या नव्हत्या. त्यांनाच आज डीएनईटी म्हणतात. नेमकं नाव मिळाल्यामुळे पुढे कितीतरी मुलांच्या डोक्याला रेडिएशन द्यावं लागलं नाही.

भारतात यात आणखी एक गुंता आहे, तो क्षयाचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या विकृतिशास्त्राचं काम उभं करणारे डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूच्या क्षयावर आयुष्यभर संशोधन केलं. एके काळी मुंबईत कवटी उघडल्यावर निघणाऱ्या गाठींमध्ये क्षयाच्या गाठींचा वाटा मोठा होता. आजही कडेने उजळणारी एखादी गाठ दिसली की तीन शक्यता समोर असतात : क्षयाची गाठ, फितकृमीच्या अळीची पुटी आणि खरा ट्यूमर. पुटीत अळीचं डोकं बारीक ठिपक्यासारखं दिसलं की प्रश्न मिटतो. नाही दिसलं तर एमआर स्पेक्ट्रोस्कोपी करतात. यात चित्र नसतं, गाठीत कुठली रसायनं आहेत त्याचा आलेख मिळतो. क्षयाच्या गाठीत चरबीचा उंच सुळका येतो. तेवढ्यावर खात्री पटली नाही, तर काही वेळा तुकडा काढून तपासण्याला पर्याय राहत नाही. क्षयाची औषधं सुरू करून गाठ लहान होते का पाहायचं, ही वाट इथे पुष्कळ वापरली जाते. विचारपूर्वक वापरली तर ती योग्यच आहे. पण ज्या गाठीचं रूप क्षयाशी जुळतच नाही तिला सहा-सहा महिने गोळ्या देत राहणं म्हणजे पेशंटची नजर किंवा चाल हातची घालवणं.

उरण-न्हावा शेव्याच्या माणसाला मोठं रुग्णालय गाठणं हाच पूर्वी एक प्रवास होता. मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का, नाहीतर पनवेल-वाशीचा वळसा. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. त्याचं मुंबईकडचं टोक शिवडीत उतरतं, आणि शिवडीपासून परळचं केईएम, टाटा मेमोरियल आणि मुलांचं वाडिया रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि न्हावा शेवा नावाचं स्टेशन नकाशावर आलं. या बाजूला खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे २०२३ मध्ये प्रोटॉन किरणांचे उपचार सुरू झाले. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, म्हणून क्रेनिओफॅरिंजिओमासारख्या डोळ्यांच्या नसेला लागून असलेल्या साध्या गाठींसाठीही ते उपयोगी पडतात. त्यासाठी गाठीची सीमा मिलिमीटरमध्ये आखावी लागते, आणि ती आखणी पुन्हा एमआरआयवरच होते.

मोठ्या रुग्णालयात चित्राचं काम निदानापाशी थांबत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. त्रिमूर्ती नाडकर्णी यांच्या चमूने एका तरुणाच्या डोक्यातून १.८७३ किलोची गाठ काढली. गाठ कवटीच्या हाडातून आरपार गेली होती, थोडी आत आणि बरीचशी बाहेर, टाळूच्या कातडीखाली. अशा ऑपरेशनमध्ये मोठी भीती रक्तस्रावाची. म्हणून आधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन करून गाठीला रक्त कुठून मिळतंय हे पाहून ठेवलं होतं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अलीअसगर मोयादी यांनी ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफीने त्रिमितीय चित्र घेण्याच्या पद्धतीवर काम केलं आहे. कवटी उघडली की मेंदू जरा खाली बसतो आणि सकाळचा एमआरआय जुना होतो. सोनोग्राफी त्या घडीची स्थिती दाखवते.

आणि तरीही शेवटचा शब्द बहुधा पॅथॉलॉजिस्टचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाने मेंदूच्या गाठीचं नाव ठरवताना मायक्रोस्कोपबरोबर जनुकांमधल्या बदलांनाही मोठं स्थान दिलं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणांवरून गाठ ओळखण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे मायक्रोस्कोपखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. तो ब्लॉक पेशंटचा असतो आणि मागितल्यावर मिळतो. वर्षांनंतर नवी तपासणी निघाली तर त्याच तुकड्यावर करता येते, म्हणून तो कुठे ठेवलाय याची नोंद घरात असावी.

पुष्कळ साध्या गाठींवर ऑपरेशन करावंच लागत नाही. लहान गाठ असेल आणि त्रास नसेल, तर सहा महिने किंवा वर्षाने पुन्हा एमआरआय काढून वाढ मोजतात. साधी गाठ ओळखण्याची ही सगळ्यांत जुनी आणि आजही भरवशाची खूण आहे, तिचा संथपणा. पण तो मोजायला आधीच्या फिल्म हव्यात, सीडीवरचा मूळ डेटा हवा, आणि शक्यतो त्याच पद्धतीने काढलेलं चित्र हवं. एका सेंटरला इंजेक्शन देऊन जाड छेद आणि दुसऱ्या सेंटरला इंजेक्शनशिवाय पातळ छेद, असं झालं तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक गाठीचा की पद्धतीचा, हे कुणीच सांगू शकत नाही.

गामा नाइफ या यंत्राने किरण दिल्यानंतर तर हे फारच महत्त्वाचं. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात गेल्या शतकाच्या अखेरीस हे यंत्र आलं. कानाच्या नसेवरच्या श्वानोमाला एका बैठकीत किरण दिल्यावर काही पेशंटमध्ये गाठ पहिल्या वर्षभरात थोडी फुगते, मधोमध काळी पडते आणि मग आक्रसायला लागते. उपचाराआधीची आणि सहा महिन्यांनंतरची अशा दोनच फिल्म पाहणाऱ्याला वाटतं की गाठ वाढली, उपचार फसला, आता कवटी उघडा. तिसरी आणि चौथी फिल्म येईपर्यंत थांबलेल्यांपैकी बहुतेकांना ते ऑपरेशन कधीच करावं लागत नाही.